न विचारणारं दुकान

सत्तरी उलटली तरी गाव माझ्या वडिलांना ‘धाकटे’च म्हणतं. पणजोबा थोरले, आजोबा मधले आणि बाबा धाकटे. त्यांच्यामागे दुकानात कोणी उभंच राहिलं नाही, मग त्यांना बढती कुठून मिळणार? मी होते, पण मी लेक, आणि मला दुकानापेक्षा समोरून जाणारी बस जास्त आवडायची. एके दिवशी तिच्यात बसले. आता शहरातल्या एका दवाखान्यात खिडकीमागे बसते आणि येईल त्याला विचारते, नाव काय, वय काय, काय होतंय, कधीपासून होतंय. दिवसभर विचारण्याचंच काम. आमच्या घराण्यात हे काम माझ्याआधी कोणी केलेलं नाही.

कारण आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, असा नियम आहे. ‘काय हवंय?’ हे शब्द काउंटरमागच्या माणसाने तोंडातून काढायचेच नाहीत. गिऱ्हाईक पायरी चढायला लागलं की याने हात मागे न्यायचा, आणि ते आत येईपर्यंत त्याच्या वस्तू समोर हजर. चहाची पुडी, मीठ, मेणबत्त्या, दाढीची पाती, बुटाची नाडी, जे त्याचं असेल ते. त्याने पिशवीत टाकायचं, पैसे ठेवायचे, मान हलवायची आणि चालू लागायचं. गावात नवा माणूस आला की पहिले काही दिवस गांगरायचा. तोंड उघडून काही सांगणार, तोवर बाबा त्याच्याकडे असे बघायचे की त्याचे शब्द घशातच राहायचे. मग महिन्याभरात त्याचंही अंगवळणी पडायचं.

हा नियम पणजोबांनी घातला. आमच्या घरातले पुरुष सांगायचे की थोरल्यांना माणसाच्या नुसत्या चालीवरून कळायचं, हा काडेपेटीला आलाय की सुई-दोऱ्याला. फार मोठी नजर म्हणे. बायका काही वेगळंच सांगायच्या, आणि तेही स्वयंपाकघराचं दार लावून. थोरले अडखळत बोलायचे. ‘काय हवंय’ मधल्या ‘का’वरच त्यांची गाडी अडायची, आणि समोरचा टवाळ असला तर तोही ‘का-का-का’ करून साथ द्यायचा. तेव्हा दुकान म्हणजे घराची एक खिडकी होती. त्या खिडकीत लाजेने लाल होऊन उभं राहण्यापेक्षा त्यांनी माणसं पाठ केली. कोण कधी येतो, काय नेतो, किती नेतो. विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. बिचाऱ्याने अडचणीतून काढलेली वाट, तिचा पुढे घराण्याचा अभिमान झाला.

आजोबांची जीभ चांगली सुटी होती. चौकात उभे राहिले की माणसं त्यांना टाळून दुसऱ्या गल्लीने जायची. पण दुकानात पाऊल टाकलं की मूग गिळून बसायचे. वडिलांचं व्यंग यांनी कला म्हणून वाढवलं. खिडकीची खोली केली आणि सुताराकडून मागची पूर्ण भिंत भरून खण करून घेतले. हे खण मालाचे नव्हते, घरांचे होते. वरची ओळ म्हणजे वरची आळी, खालची ओळ म्हणजे खालची, आणि मधे रस्त्याकडेची घरं, ज्या क्रमाने गावात आहेत त्याच क्रमाने. ज्याच्या त्याच्या खणात ज्याचं त्याचं सामान. मी लहानपणी गावाची वाट चुकले की आधी दुकानाची भिंत आठवायची आणि मग कुठे वळायचं ते ठरवायची.

आता, माणसाच्या गरजा काही भिंतीतल्या खणासारख्या ठोकून बसवलेल्या नसतात. घरात बाळ येतं, सासरे जातात, कोणाचे दात पडतात, कोणाला डॉक्टर मीठ बंद करतो. हे दुकानात न बोलता कळणार कसं? तर त्यासाठी घरातली बाई होती. पणजी, मग आजी, मग माझी आई. आतल्या दाराच्या उंबऱ्याशी बसायची. मांडीवर ताट, ताटात निवडायचे तांदूळ. गिऱ्हाईक बाई असली की सामान घेऊन तिच्याकडे वळायची, आणि तिथे मग बोलणं व्हायचं. खळखळून हसणं, रडणं, नाकं मुरडणं, सगळं. बाबा पाठमोरे उभे. त्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही असा चेहरा.

संध्याकाळी जेवताना आई सांगत सुटायची. “सुतारांच्या सुनेला दिवस गेलेत. मास्तर शहरातून चष्मा बदलून आले, आता पुन्हा वाचत बसणार, मेणबत्त्या वाढवा. शेजारच्यांचा मुलगा परीक्षेत पास झाला, पेन्सिली काढा, आता तो पेनाने लिहिणार.” बाबा खाली मान घालून जेवायचे. हूं नाही की चूं नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं मला. पण सकाळी पाहावं तर सुतारांच्या खणात बाळाची पावडर आलेली असायची, आणि सुतारकाकू गावभर सांगत फिरायच्या की धाकट्यांना माणसाच्या पोटातलंसुद्धा कळतं.

माझं डोकं फिरायचं. मी आईला म्हणायची, “काम तुझं आणि नाव त्यांचं. तू गप्प कशी बसतेस?”

“मी कुठे गप्प बसते?” आई म्हणायची. “उलट मला नाव दिलं असतं तर मलाच गप्प बसावं लागलं असतं त्यांच्यासारखं. दिवसभर बोलायला मिळतंय, आणखी काय पाहिजे?”

आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली.

ती गेल्यावर उंबऱ्यात कोणी बसलं नाही, आणि दुकानातलं बोलणं संपलं. सकाळी दार उघडायचं, खणाखणातून हात फिरवायचा, माना हलताना बघायच्या, दार लावायचं. आपल्या एकट्यापुरतं शिजवायचं आणि उभ्यानेच खायचं. मी फोन केला की “जेवलात?” “हो.” “बरं आहे ना?” “बरंय.” पुढे नुसता श्वास ऐकू यायचा. एकदा आवाज अगदी खरखरीत आला. मी विचारलं, “सर्दी झाली का?” तर म्हणाले, “नाही. चार दिवस वापरला नव्हता.” मी हसले, कारण मला वाटलं ते चेष्टा करताहेत. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बाबांनी जन्मात कधी चेष्टा केलेली नाही. मग दवाखान्याच्या त्या खिडकीमागे बसून मला रडू आवरेना, आणि समोरचे पेशंट आपलं दुखणं सोडून मलाच पाणी देऊ लागले.

गेल्या महिन्यात ते वरच्या ओळीतलं काही काढताना स्टुलावरून पडले. हाड वाचलं, पण कोपर सुजलं. मी म्हटलं, आता पुरे. दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला. माझी दोन खोल्यांची जागा आहे, मी एकटीच राहते, तुम्हाला खिडकीजवळचा पलंग देते. तिथे निदान जेवताना समोर कोणी असेल.

“गावाचं अडेल,” बाबा म्हणाले.

“गावाचं काय अडतंय? मोठ्या रस्त्यावर दुसरं दुकान आहे की.”

“तिथे बोलावं लागतं,” ते म्हणाले. “आपल्या माणसांना सवय नाही.”

मला हसू आलं आणि रागही आला. पण ते अगदी मनापासून बोलत होते. माझ्या हाताशिवाय या घरांचं पान हलणार नाही, या एका समजुतीवर ते सहा वर्षं त्या खोलीत एकटे उभे होते. शेवटी असं ठरलं की मी पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येईन, आणि तेव्हा ते काय ते सांगतील. यायचं की नाही. मी रिकामी मोठी बॅग घेऊनच गेले. हो म्हणाले की लगेच भरायची, मन बदलायला वेळच द्यायचा नाही, असा माझा बेत.

गेल्यावर पाहिलं तर बाबा इतके वाळले होते की पँट दोरीने बांधलेली. शहरात त्यांना असं नेणार कुठे? दुपारी दुकान बंद असतं. मी दोन पँटा काखेत मारल्या आणि म्हटलं, चला टेलरकडे, माप तरी देऊ. बाबा तयार नव्हते. टेलरचं दुकान आमच्या मागच्याच गल्लीत, पण बाबा कधी तिकडे जात नसत. टेलरच दर शनिवारी सामान न्यायला यायचा आणि काही शिवायचं असलं तर घेऊन जायचा. “तो येईलच संध्याकाळी,” बाबा म्हणत राहिले, आणि मी त्यांचा चांगला हात धरून त्यांना चालवत राहिले.

टेलरच्या मागच्या दाराशी पोचलो तोच आतून हसण्याचा आवाज आला. पुष्कळ माणसं एकदम हसत होती. मी दार ढकललं.

टेलरचं कापड बेतायचं लांब टेबल असतं ना, त्यावर कापड नव्हतं. त्यावर आमचं दुकान मांडलं होतं. चहाच्या पुड्या, साबण, पाती, मेणबत्त्या, बाळाची पावडर. भोवती आठ-दहा माणसं खुर्च्यांवर, बाकावर, शिलाई मशीनच्या कडेला टेकून. सुतारकाकू पावडरीचा डबा हातात नाचवत म्हणत होत्या, “घ्या गं कोणीतरी! माझा नातू आता शाळेत जातो, त्याला काय ही फासू?” पोस्टमनची बायको दाढीच्या पात्यांचं पाकीट पुढे सरकवून म्हणाली, “पोस्टमनची बदली होऊन वर्ष होत आलं. मी काय दाढी करू? मास्तर, पाती घ्या आणि ती साखर मला द्या.” मास्तर साखरेची पुडी कवटाळून बसले होते. “डॉक्टरने बंद केली आहे, पण सुटत नाही हो हातातून,” म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले.

मग कोणाचं तरी दाराकडे लक्ष गेलं.

अशी शांतता मी फक्त आमच्या दुकानातच ऐकली होती. टेलर गळ्यातली टेप धरून उभा राहिला. सुतारकाकूंनी डबा पदराआड लपवायचा प्रयत्न केला, तो खाली पडून घरंगळत बाबांच्या पायाशी आला. बाबांनी तो उचलला. टेबलाशी गेले. एकेका वस्तूकडे बघत राहिले, आणि मला कळत होतं की ते वस्तू बघत नाहीत, घरं बघताहेत. मग त्यांनी पावडरीचा डबा नीट उभा ठेवला. चहाच्या पुड्या एका रांगेत केल्या, साबण नावं समोर येतील असे फिरवले. सगळं टेबल लावून झाल्यावर वळले आणि बाहेर पडले.

“धाकटे, बसा ना,” मागून पोस्टमनची बायको म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. मी काखेतल्या पँटा तिथल्याच बाकावर टाकल्या आणि बाबांच्या मागे धावले.

मी गावावर भयंकर चिडले होते. म्हाताऱ्या माणसाची ही काय थट्टा! परत येताना मी वाटेत तसं बोललेसुद्धा. आणि बोलता बोलता माझीच जीभ अडली. कारण दर वेळी मी निघाले की बाबा एक पिशवी माझ्या गाडीत ठेवतात. तिच्यात केसांच्या दोन रिबिनी, खडूच्या रंगांची पेटी आणि मला आठव्या वर्षी आवडायच्या त्या लेमनच्या गोळ्या असतात. मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे. मी पिशवी घेते, बरं म्हणते, आणि दवाखान्यातल्या आयाच्या मुलीला देऊन टाकते. मला निदान थट्टा वाटली नव्हती त्यात. मला भरून यायचं. मग त्या टेबलाभोवतीच्या माणसांना तरी थट्टाच वाटत होती, हे मी कशावरून ठरवलं?

बाबांचा हात चुकत नव्हता. हात अगदी बिनचूक होता, फक्त तो आई गेली त्या दिवशीच्या गावात फिरत होता. पुढचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाबा काउंटरमागे जाऊन बसले. दुकान उघडायची वेळ झाली तरी दाराची एकच फळी काढली. बराच वेळ भिंतीकडे बघत बसले आणि मग म्हणाले, “बॅग भर.”

“बाबा, आज लगेच कशाला...”

“भर. येतो मी.”

मला हवं होतं तेच मिळालं होतं. मी आत जाऊन त्यांचे कपडे काढले, घड्या घातल्या, बॅगेत ठेवले, आणि सगळा वेळ मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्यांना न्यायचं होतं हे खरं. पण असं नव्हतं न्यायचं, आपली कोणाला गरज नाही हे कळल्यावर मुकाट उठून निघालेल्या माणसासारखं.

उन्हं कलताना टेलर आला. हातात पँटा होत्या, कंबर आत घेऊन इस्त्री करून आणलेल्या. माप न घेताच. तो सवयीने काउंटरपाशी येऊन उभा राहिला, आणि बाबांचा हातही सवयीने मागे जायला लागला. मग थांबला.

“कधीपासून?” बाबांनी विचारलं.

दुकानात त्यांनी कोणाला काही विचारलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. टेलरनेही नसावं. तो माझ्याकडे बघू लागला.

“वहिनी गेल्या, त्यानंतरच्या वर्षी,” तो म्हणाला. “मास्तर तुम्हाला म्हणाले होते बघा, साखर नको आता. आठवतं? तुम्ही पुडी उचललीत आणि आत गेलात. आम्ही वाट बघतोय, तुम्ही बाहेरच येईना. दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मास्तर तर हातपाय गाळून बसले, म्हणाले, माझ्या साखरेपायी माणूस गेला. मग सगळ्यांनी ठरवलं, धाकटे देतील ते घ्यायचं. घ्यायचं, आणि नंतर आपसात काय ते बघायचं.”

“आणि माझ्याकडे कोणी बोललं नाही.”

“तुमच्याकडे बोलतात का?” टेलर एकदम म्हणाला. “रागावू नका धाकटे, पण बोलायची सोय त्या तिथे होती.” त्याने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. “त्या गेल्या. तुमच्यासमोर उभं राहिलं की आमची तोंडं शिवल्यासारखी होतात. कैक वेळा वाटलं हो, दोन शब्द बोलावेत. तुमची पाठ बघून परत फिरलो.”

बाबा उठले. टेलरसाठी आतून खुर्ची आणली. सुजलेल्या कोपराने आणली, मला हात लावू दिला नाही.

“बस,” ते म्हणाले. “मी जायच्या आधी मला सगळं सांग. वरच्या आळीपासून घे. एक घर सोडू नकोस.”

मी स्टूल घेऊन उंबऱ्याशी बसले. टेलर सांगू लागला. पहिलं घर, मुलांनी विकलं, म्हातारी त्यांच्यासोबत गेली. बाबांनी तो खण रिकामा केला. दुसरं घर, थोरल्याने दारू सोडली, आता देवाच्या नाही तर बायकोच्या भीतीने. बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिसऱ्या घरची धाकटी पळून गेली, मग जावई आणि ती परत आले, आता तिथेच राहतात. सुतारकाकूंची सून नोकरीला लागली. पोस्टमनच्या घरी नुसती बायको आणि कुत्रं. बाबा ऐकत होते. मान वर करून, टेलरच्या तोंडाकडे बघत. आईच्या वाट्याला हे कधी आलं नव्हतं. मला तिच्यासाठी वाईट वाटलं.

एकेक वस्तू खाली येत होती. पावडर, पाटीच्या पेन्सिली, पाती, लहान मापाच्या नाड्या. काउंटर भरत गेला आणि भिंत उघडी पडत गेली. सहा वर्षांत गाव किती कमी झालं होतं ते मला त्या भिंतीवर दिसलं. काही खणांपाशी टेलर नुसताच “नाही” म्हणायचा, आणि बाबा त्या खणाच्या फळीवर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग पुढचं घर.

खालच्या आळीच्या टोकाला टेलरचं घर होतं. त्याचा खण शेवटचा. बाबांनी खणातलं सगळं काउंटरवर मांडलं. चहा, मीठ, दोऱ्याची रिळं, धुण्याच्या साबणाची पिवळी वडी आणि एक गुलाबी, वासाचा साबण, पातळ कागदात गुंडाळलेला.

“तुझं सांग,” बाबा म्हणाले.

“माझं काय? चहा लागतो. मीठ लागतं.” टेलर टेपेचं टोक बोटाला गुंडाळत होता. “दोरा तर लागतोच.”

“घरात दोघंच ना तुम्ही?”

टेलरने टेपेचा आणखी एक वेढा घेतला. मला ठाऊक नव्हतं, पण त्या वेढ्यावरून अंदाज आला.

“ती मुलाकडे गेली,” तो शेवटी म्हणाला. “नात झाली तेव्हा. महिन्याभरात येते म्हणाली. मग नातीला सांभाळायला कोणी नाही म्हणून राहिली. मग दुसरी नात झाली. आता चौथं वर्ष आहे, धाकटे. फोन करते. तिला तिकडे बरं वाटतं, नळाला गरम पाणी येतं. मीही विचारत नाही आता, कधी येतेस म्हणून.”

बाबांनी गुलाबी साबण उचलला आणि खाली आलेल्या वस्तूंच्या ढिगाकडे नेला.

“तो नको,” टेलर म्हणाला. खुर्चीवरून अर्धा उठला होता. “बाकी काय काढायचं ते काढा. तो तेवढा राहू दे.”

“तू लावतोस?”

“मी कशाला लावू? मला पिवळा चालतो.” त्याने मान खाली घातली. “तिच्या जागेवर ठेवतो. रोज सकाळी जरा ओला करतो, नाहीतर तडे जातात. असा झिजत जातो हळूहळू. संपत आला की शनिवार येतो आणि तुम्ही दुसरा देता. सगळं काही त्या टेबलावर गेलं असेल, तो कधी नेला नाही मी. गावात सगळ्यांना माहीत आहे ती येणार नाही. तुम्हालाच तेवढं माहीत नव्हतं. तुम्ही साबण पुढे ठेवायचात ना, तेव्हा वाटायचं, घरी कोणीतरी आहे.”

बाहेरून बस गेली. बाबा तो साबण हातात घेऊन उभे होते. कागद एका बाजूने उकलला होता, तो त्यांनी अंगठ्याने नीट बसवला. मग वळले आणि मोकळ्या झालेल्या त्या भिंतीत, टेलरच्या खणात, साबण होता तिथे परत ठेवला. त्याच्या शेजारी चहा, मीठ, रिळं. सगळं लावल्यावर त्यांनी त्यातलं एकेक पुन्हा काढून टेलरसमोर काउंटरवर ठेवलं, साबण सर्वांत वर, दर शनिवारी ठेवायचे तसं. टेलरने पिशवीत टाकलं, पैसे ठेवले आणि मान हलवली.

तो पायरी उतरून दिसेनासा झाल्यावर बाबा माझ्याकडे वळले.

“मला नाही जमायचं यायला,” ते म्हणाले. “शनिवारी हा येतो.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? माझा काही वार ठरलेला नव्हता. मी आत गेले, दिवा लावला आणि भरलेल्या बॅगेतले त्यांचे कपडे परत कपाटात लावायला घेतले.